दोन सायकली आणि एक निळा डबा

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. हे आकडे नीट वाचा बरं :

उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'

तुमच्यातले हुशार लगेच म्हणतील, "त्यात काय! हे तर अक्षांश आणि रेखांश." शाब्बास! नकाशाचं पुस्तक उघडलंत तर बोट जाऊन टेकेल अमेरिकेच्या ओरेगन राज्यात. पण तिथे आहे काय? मोठं शहर? धबधबा? किल्ला? छे! तिथे होती एक बादली. चक्क प्लॅस्टिकची काळी बादली, रानात अर्धीमुर्धी पुरलेली!

या बादलीची गोष्ट मोठी गमतीची आहे. आकाशातल्या उपग्रहांकडून जागा कळवणारी 'जीपीएस' नावाची यंत्रणा अमेरिकेच्या सैन्याने उभी केली. ती १९९५ पर्यंत पुरती तयार झाली होती, पण सामान्य माणसांसाठी त्यात मुद्दाम खोट ठेवलेली असे. शत्रूने फायदा घेऊ नये म्हणून संदेशातच थोडी चूक मिसळायची. त्यामुळे तुम्ही शाळेच्या मैदानात उभे असलात, तर यंत्र खुशाल सांगायचं की तुम्ही शंभर मीटर पलीकडे, शिंप्याच्या दुकानात आहात! १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही खोट काढून टाकत असल्याचं जाहीर केलं, आणि एका रात्रीत सगळ्या जगाची यंत्रं जवळजवळ दहापट अचूक झाली.

आता एवढी अचूक वस्तू हातात आल्यावर मोठी माणसं काय करतील? जहाजं चालवतील, जमिनी मोजतील. पण डेव्ह अल्मर नावाच्या एका संगणकतज्ज्ञाच्या डोक्यात आपल्यासारखाच खेळकर किडा वळवळला. त्याने ३ मे २००० ला त्या रानात बादली ठेवली. आत पुस्तकं, गलोल, असलं काहीबाही आणि शेंगदाण्यांचे नव्हेत, पण घेवड्यासारख्या दाण्यांचा एक बंद डबाही टाकला. सोबत एक वही. मग वरचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले आणि सांगितलं, शोधा! काही घ्या, काही ठेवा, वहीत नाव लिहा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली हुडकून काढली. पहिला होता माइक टीग.

या खेळाला पुढे नाव पडलं 'जिओकॅशिंग'. जिओ म्हणजे पृथ्वी. आणि कॅश म्हणजे खिशातली रोकड नव्हे बरं का! लपवून ठेवलेल्या साठ्याला तो शब्द आहे, मूळ फ्रेंच. आज जगात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. एक तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहे. रिचर्ड गॅरियट हा अवकाशप्रवासी २००८ साली तिकडे गेला, तेव्हा त्याने ठेवला. आता तिथे सायकलने कसं जायचं, ते मला विचारू नका.

आपण आपले सायकलने जाता येईल तिथेच जाऊ. गेल्या नाताळच्या सुटीत मी आणि माझा एक मित्र वाईहून धोमच्या रस्त्याला असाच एक डबा शोधायला गेलो होतो. मित्राचं नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. शाळेत असल्यापासून तो नकाशे घेऊन बसायचा, म्हणून आम्ही त्याला नकाशेबुवा म्हणत आलो. इथेही तेच नाव चालवू. डब्याची नेमकी जागासुद्धा सांगणार नाही. सांगितली तर पुढे शोधणाऱ्यांची मजाच जाईल.

वाईतून निघालो तेव्हा साडेसहा वाजले होते. थंडी म्हणजे अशी, की हॅण्डलवरची बोटं आपलीच आहेत का, ते हलवून बघावं लागत होतं. कृष्णेच्या पाण्यावर धुकं होतं. वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर, आणि पुढे धोम. रस्ता पश्चिमेकडे जातो, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर येतं. कडेला ऊस, हळद, आलं. उजव्या हाताला पांडवगड. नकाशेबुवांची सायकल गिअरवाली, एकवीस गिअरची. माझी आपली साधी काळी, कॅरिअरवाली. पण माझ्या सायकलीत एक गुण आहे. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या चकतीला १८. म्हणजे पैडल एकदा पूर्ण फिरलं, की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, आणि सायकल पाच मीटरांहून थोडी पुढे जाते. गिअर बदलत नाही, त्यामुळे हे गणितही बदलत नाही. पैडल मोजत गेलं, की अंतर मोजता येतं! तुम्हीही आपल्या सायकलीचे दाते एकदा मोजून बघा. हात काळे होतील, पण घरच्यांना सांगा की अभ्यास चालू आहे.

मेणवलीच्या घाटावर थांबलो. नाना फडणवीसांचा वाडा इथलाच. घाट कृष्णेवर उतरतो, आणि तिथे देवळाजवळ एक भली थोरली घंटा टांगलेली आहे. ही घंटा मूळची देवळातली नव्हेच. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. ही त्यातलीच. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे. शाहरुख खानचा 'स्वदेस' हा २००४ चा चित्रपट पाहिला असेल, तर हा घाट तुम्हाला लगेच ओळखू येईल.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही थर्मासमधला चहा घेतला आणि नकाशेबुवांनी मोबाइल बाहेर काढला. (हल्ली वेगळं यंत्र लागत नाही, मोबाइलमध्येच जीपीएस असतं.) त्यांना कुणी श्रोता मिळाला, की ते शिकवायला लागतात. मी नेहमी कुरकुरतो, पण ऐकतो. कारण ते सांगतात छान.

"बघ," तो म्हणाला, "वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतायत. प्रत्येकात अणुघड्याळ. प्रत्येक जण सारखा ओरडत असतो, मी अमुक, मी इथे आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. बस्स. तुझा मोबाइल काही बोलत नाही, नुसता ऐकतो."

"मग त्याला जागा कशी कळते?"

"वीज चमकते तेव्हा तू काय करतोस? गडगडाट किती सेकंदांनी आला ते मोजतोस ना? तसंच. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. वरून इथे यायला त्याला साधारण एका सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला ते कळलं, की अंतर कळलं."

आता मुलांनो, इथे थोडं डोकं चालवा. एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं तर काय कळेल? एवढंच, की आपण एका प्रचंड मोठ्या चेंडूच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत. दुसऱ्या उपग्रहाचा दुसरा चेंडू. दोन चेंडू एकमेकांत घुसले, की त्यांच्या भेटीची एक गोल रेघ मिळते. तिसरा चेंडू त्या रेघेला दोनच बिंदूंत कापतो, आणि त्यातला एक सहसा कुठेतरी अंतराळात असतो, तो सोडून द्यायचा. म्हणजे तीन उपग्रह पुरे? नाही, चार लागतात! कारण तुमच्या मोबाइलमधलं घड्याळ अणुघड्याळ नाही, साधं आहे. ते सेकंदाच्या दहालाखाव्या भागाने जरी चुकलं, तरी जागा तीनशे मीटरने चुकते. चौथा उपग्रह ते घड्याळ लावून देतो. घरातल्या आजोबांसारखा.

भारतानेही स्वतःची अशी यंत्रणा उभारायला घेतली. तिचं नाव 'नाविक'. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला. नवे बरेच मोबाइल अमेरिकेच्या उपग्रहांबरोबर तिचेही संदेश ऐकतात.

असो. चहा संपला. पुढच्या दोन किलोमीटरांत माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. सूंऽऽ करून हवा गेली. पंक्चर काढायचं सामान बरोबर होतंच. लांबच्या फेरीला तुम्हीही घेत जा : दोन टायर लिव्हर, पॉलिश पेपर, सोल्यूशनची नळी, ठिगळं आणि पंप. ट्यूबचं भोक सापडत नसेल तर थोडी हवा भरून पाटाच्या पाण्यात धरा, बुडबुडे सांगतात. दोन गोष्टी मात्र बहुतेक मुलं विसरतात. एक, सोल्यूशन लावल्याबरोबर ठिगळ चिकटवायचं नाही. बोट लावलं तर चिकटू नये इतकं वाळू द्यायचं, मगच दाबायचं. दोन, ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट हलकेच फिरवायचं. काटा तिथेच बसलेला असतो, आणि नव्या ठिगळाशेजारी नवं भोक पाडायला टपलेला असतो! माझा काटा अर्धा इंच होता. तो नकाशेबुवांनी आठवण म्हणून काडेपेटीत ठेवला. काय एकेक छंद!

साडेनऊला आम्ही त्या जागेजवळ पोचलो. गावाबाहेर एक जुना वड, त्याला दगडी पार, पलीकडे शेताचा रचीव दगडांचा बांध. वडाखाली गेलो आणि मोबाइलची सुई लागली नाचायला. कधी उजवीकडे आठ मीटर, कधी डावीकडे बारा. दाट पानांखाली असं होतं, संदेश अडतात आणि आपटून येतात. यावर उपाय आहे. झाडाखालून बाहेर यायचं. उघड्यावर तीस-चाळीस पावलांवर उभं राहून सुई कुठे रोखलीय ते बघायचं आणि त्या दिशेची एक रेघ मनात ओढायची. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. जिथे रेघा एकमेकींना कापतील, तिथे शोधायचं. आमच्या रेघा पाराच्या मागे, बांधाजवळ कुठेतरी भेटत होत्या. तिथे एक वीरगळ उभी होती. म्हणजे उभी कसली, दोन तुकडे होऊन एकाला एक टेकून ठेवलेली.

वीरगळ तुम्ही पाहिली असेल. गावासाठी लढताना, गुरं वाचवताना मेलेल्या वीराचा दगड. खालच्या चौकटीत लढाई असते, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला, आणि त्याच्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे जोवर चंद्र-सूर्य तोवर तुझं नाव. नाव मात्र कुणालाच माहीत नसतं.

आम्ही वाकून बांधाच्या फटी बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय हुडकताय पाव्हणं?"

वळून पाहिलं, तर एक म्हातारबाबा. डोक्याला पटका, हातात काठी, आणि काठी जरा जास्तच घट्ट धरलेली. मागे शेतातून आलेल्या दोन बायका उभ्या होत्या आणि तीन-चार पोरं.

"डबा शोधतोय, आबा," नकाशेबुवा म्हणाले.

"डबा? कुणी पुरून ठिवलाय हितं डबा?"

"पुरलेला नाही. ठेवलेला आहे."

"आसं. म्हंजी तुमी बी त्यातलंच." आबांनी वीरगळीकडे काठी दाखवली. "दोन सालामागं रातच्याला चार जण आलं हुतं. म्हनं गुप्तधन हाय दगडाखाली. कमरंएवढा खड्डा खणला. दगुड मोडला. काय गावलं? माती! आमच्या बापजाद्यांनी शेंदूर लावलेला दगुड तो. आता तुमी त्या मशिनीवर बघून आलासा व्हय?"

एक बाई म्हणाली, "फोटू काडून ठिवा त्यांचं." एकाने खरंच मोबाइल रोखला.

मुलांनो, अशा वेळी सायकलवर टांग मारून सटकावंसं वाटतं. माझी नजरही सायकलीकडे गेली होती, खोटं कशाला बोलू! पण नकाशेबुवांनी भलतंच केलं. मोबाइल बंद करून पारावर ठेवला, चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. "आबा, बसा. तुमचं बरोबर आहे. मी सांगतो, मग तुम्ही ठरवा."

आणि त्यांनी बादलीपासून सगळी गोष्ट सांगितली. पोरं जवळ सरकली. आबा काही बसले नाहीत, पण ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आन ह्यो डबा ठिवताना तुमच्या त्या मानसानं गावात कुणाला इचारलं हुतं?"

नकाशेबुवा गप्प. मग म्हणाले, "नियम तसा आहे, आबा. जागा ज्याची त्याला विचारायचं. जमीन खणायची नाही. यांनी खणलेलं नाही, पण विचारलेलंही दिसत नाही."

(खरं तर हे नियम मागून आले. त्या पहिल्या बादलीलाच आज कुणी परवानगी देणार नाही. ती अर्धवट पुरलेली होती, आणि आत खाण्याची वस्तू होती! खाऊ ठेवला तर जनावरं डबा फोडतात.)

इतका वेळ गप्प असलेला एक बारका मुलगा एकदम बोलला, "आबा, निळा डबा व्हय? त्यो आमाला ठावं हाय!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो बांधाच्या टोकाला गेला. आधी काठीने दगडावर खटखट वाजवली. हे फार शहाणपणाचं, बरं का. दगडांच्या फटीत घोणस किंवा फुरसं असू शकतं, म्हणून कधीही सरळ हात घालायचा नाही. मग त्याने एक चपटा दगड सरकवला आणि आतून चाप लावायच्या झाकणाचा निळा डबा काढून आबांच्या हातात दिला.

आबांनीच तो उघडला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही, पेन्सिल, एक किल्लीची साखळी, एक परदेशी नाणं. आणि दोन गोट्या आणि एक भोवरा. वहीत आधी सात नावं होती, मुंबई-पुण्याची, एक जर्मनीचं. त्याच्याखाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'आमी पन आलो', आणि चार नावं, इयत्तेसकट.

"आरं, हे तर आपलंच!" आबा म्हणाले. "आन ह्यात काय हुतं?"

"बारकी बॅटरी हुती," मुलगा खाली बघत म्हणाला. "ती घेतली. म्हून मग गोट्या ठिवल्या. भोवरा ह्यानं ठिवला."

घ्यायचं तेवढ्याच मोलाचं काहीतरी ठेवायचं, हा या खेळाचा जुना नियम. या पोरांना तो कुणी सांगितला होता? कुणीच नाही. आबांच्या हातातली काठी तेव्हा कुठे पाराला टेकली.

आम्हीही वहीत नावं लिहिली. नकाशेबुवांनी खिशातून काडेपेटी काढून तो बाभळीचा काटा डब्यात ठेवायचं मनात आणलं होतं, पण मी डोळे वटारले. शेवटी एक छोटं होकायंत्र ठेवलं. पोरांना उत्तर कुठे ते बघायचंच होतं.

पण मुख्य प्रश्न उरलाच होता. आबा म्हणाले, डबा राहू द्या, पण वीरगळीजवळ नको. "आज तुमी आलासा, उद्या कुणी कुदळ घिऊन यील." बरोबर होतं त्यांचं. मात्र दुसऱ्याने ठेवलेला डबा आपण हलवायचा नाही, असाही संकेत आहे. नकाशेबुवांनी त्याच संध्याकाळी डब्याच्या मालकाला सविस्तर लिहिलं. तोवर डब्याची राखण त्या बारक्याकडे. पंधरा दिवसांनी मालक स्वतः गावात येऊन आबांना भेटला. आता तो डबा आबांच्याच ओसरीच्या खांबाला आहे. नवे आकडे लागले आहेत. शोधायला येणाऱ्याची आधी चौकशी होते, मग चहा मिळतो. फुटलेली वीरगळ गावाने सिमेंटने जोडायची ठरवली होती. तसं करू नका, सिमेंटने जुना दगड खराब होतो, पुरातत्त्व खात्याला विचारा, असं नकाशेबुवांनी सांगितलं आहे. विचारलं की नाही, ते अजून समजलेलं नाही.

आईबाबा हे पान वाचत असतील, तर त्यांच्यासाठी थोडं. आबांचा संशय वेडगळ नव्हता. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे देवळं, गढ्या, वीरगळी किती उकरल्या गेल्या, त्याची गणती नाही. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. आणि आणखी एक जुना कायदा आहे, १८७८ चा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये हो! रक्कम अजून तीच. तेव्हा किल्ल्यावर, लेण्यांत, देवळाच्या भिंतीत डबे लपवायचे नाहीत आणि उकरायचं तर मुळीच नाही. रेल्वे स्टेशन, एस.टी. स्टँड, पूल इथेही नाही. अशा ठिकाणी बेवारस डबा दिसला, तर तो खजिना समजायचा नाही. हात न लावता लांब व्हायचं, मोठ्यांना सांगायचं किंवा ११२ ला फोन करायचा.

मग मुलांनी खेळायचं कुठे? अहो, आपल्या भागात! मोठ्या माणसाला आणि जागेच्या मालकाला विचारून. हा खेळ खेळायला उपग्रहसुद्धा सक्तीचे नाहीत. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचं ओसाड माळरान आहे. तिथे जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये एका दुर्गम जागी बाटली ठेवली, आणि तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकायचं, अशी पद्धत पाडली. त्यातून लोक दीडशे वर्षं नुसत्या नकाशाने आणि होकायंत्राने पेट्या शोधत आले.

तुम्ही आणि तुमच्या मित्राने किंवा मैत्रिणीने एकेक डबा घ्यायचा, पारदर्शक असला तर उत्तम. आत काय आहे ते बाहेरून दिसतं आणि कुणी घाबरत नाही. वर मोठ्या अक्षरात लिहायचं, 'हा खेळाचा डबा आहे'. आत वही, पेन्सिल आणि एखादी छोटी वस्तू. आपापल्या जागी ठेवायचा, आकडे एकमेकांना द्यायचे आणि निघायचं सायकलवर. दोघं असाल तर एकाने रस्त्याकडे बघायचं, एकाने मोबाइलकडे. आणि चालत्या सायकलवर मोबाइलकडे कुणीच नाही! थांबायचं, बघायचं, मग पुढे. घरी वेळ सांगून जायचं, डोक्याला हेल्मेट.

आता जाता जाता हा हिशोब. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर. सगळीकडे जवळजवळ तेवढंच. म्हणून दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा एकाने बदलला, की आपण उत्तरेला किंवा दक्षिणेला दोन मीटरांहून थोडे कमी सरकतो. रेखांशाचं तसं नाही. ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. वाईजवळ त्यांचं एक मिनिट सुमारे १,७६५ मीटर भरतं.

समजा, तुम्ही पाराजवळ उभे आहात, आणि तिथल्या अक्षांशाची मिनिटं आहेत ५८.१००. डब्याची आहेत ५८.१५०. रेखांश दोन्हीचे सारखेच. तर डबा कोणत्या दिशेला आणि किती मीटरवर? आणि माझ्या ४४-१८ दात्यांच्या सायकलीने, म्हणजे पैडलच्या एका फेऱ्यात ५.४ मीटर धरून, किती वेळा पैडल फिरवावं लागेल?

उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. मग आपल्या घराचे आणि शाळेचे आकडे मोबाइलवर बघून त्यांच्यातलं दक्षिणोत्तर अंतरही काढा, आणि तेही मला कळवा. नुसतं अंतर हं! घराचे आकडे कार्डावर लिहायचे नाहीत. पोस्टमनकाकांना ते शोधत बसायला लावायचं नाही आहे, आणि बाकी कुणालाही.